दाजींची मधाची धार

पातळ पदार्थाकडे आमच्या दाजींइतक्या संशयाने पाहणारा माणूस पनवेलमध्येच काय, अख्ख्या जगात दुसरा नसेल. दाजी म्हणजे माझ्या आक्काचे यजमान. नव्वदच्या दशकाच्या शेवटी शेवटी ते जाहिरातींसाठी कॉम्प्युटरवर चित्रं हलवण्याच्या कामाला लागले आणि नेमकं त्यांच्या वाट्याला आलं मध ओतण्याचं काम. कॉम्प्युटरमधला मध म्हणजे हजारो बारीक गोळ्या. प्रत्येक गोळी किती जड, किती चिकट, शेजारणीला किती धरून ठेवणार, हे आकड्यांत सांगायचं, मग चार तास थांबायचं, तेव्हा कुठे एक धार दिसायची. त्या नादात दाजी घरातलं जे वाहतं ते तिरकं करून पाहत. दूध, तेल, कढी, एकदा तर माझा चहा. विचुंब्याला एका लग्नाच्या पंगतीत त्यांनी आमटीची वाटी डोळ्यांसमोर धरून असा वेळ लावला, की वाढणाऱ्या म्हाताऱ्या बाई कासावीस झाल्या. "अवो, आमटी चांगली हाय, बिघडलेली नाय!"

इकडे मध काही जमेना. पहिला पाण्यासारखा सांडला. दाजींनी चिकटपणा वाढवला, तर गिऱ्हाईक म्हणालं, "साहेब, हा मध आहे की रबर? सोमवारी नाही जमलं, तर काम दुसऱ्याला देतो." दाजींचं जेवण सुटलं, बोलणं सुटलं, वर खोकला लागला. शनिवारी दुपारी आक्का त्यांच्यासाठी आल्याच्या रसात मध घालत होती. दाजी सवयीने वाकून बघत होते.

आक्का म्हणाली, "काल कॅसेटवर आणलेली तुमची धार पाहिली मी. तुमची तुटली की खाली पडून जाते. ही बघा, तुटताना शेपूट वर चमच्याला जातं."

दाजी औषध तसंच टाकून ऑफिसला पळाले. चिकटपणा कमी केला, गोळ्यांची आपसातली ओढ वाढवली. सोमवारी काम पास!

जाहिरात टीव्हीवर लागली त्या संध्याकाळी शेजारीपाजारी जमले. मधाची धार जेमतेम तीन सेकंद. आक्का हात पुसत बाहेर येईपर्यंत साबणाची जाहिरात सुरू झाली होती. "असू दे हो," ती म्हणाली.

रविवारी दाजींनी तिला बंद ऑफिसात नेलं, स्वतःच्या खुर्चीवर बसवलं आणि ती धार अगदी सावकाश सोडली. आक्का पाहतच राहिली. धार संपल्यावर म्हणाली, "परत लावता?"

अंधार पडेपर्यंत दाजी लावत राहिले.