मुठीच्या खाली

आधीच सांगते, भुताखेतांच्या बाबतीत मी अगदी कोरडी बाई आहे. सासूबाई अमावस्येला दाराला लिंबू-मिरची बांधायच्या तेव्हा मी म्हणायची, मिरच्या महाग झाल्यात, दोन माझ्या भाजीला ठेवा. पेपरातल्या अशा सदरांतले अनुभव मी आजवर जेवताना नवऱ्याला हसत हसत वाचून दाखवलेत. आज मीच लिहायला बसले, तर तो चहा ठेवून गेला.

देवळी गावात बसस्टँडकडून बाजाराकडे जाताना आमचा फोटो स्टुडिओ लागतो. पासपोर्ट फोटो, लग्नाचे अल्बम, वाढदिवसाचे बॅनर आणि तेरवीच्या फ्रेमा. आमच्या गावात माणसाचा फोटो दोनदाच मोठा होतो — वाढदिवसाला चौकात, आणि गेल्यावर भिंतीवर. बॅनर छापायला वर्ध्याला जातात, पण कापाकापी माझ्याकडे. कापाकापी म्हणजे माणसाला त्याच्या फोटोतून सुटं काढायचं. माउसनं त्याच्या कडेकडेनं टिंबं देत निळी रेघ ओढत न्यायची आणि जिथून निघाली तिथे आणून मिळवायची. मग मागची भिंत, दोरीवरचे कपडे, शेजारी उभी असलेली बायको, सगळं गळून पडतं. इतकी वर्षं केलंय की डोळे मिटूनही हात चालतो.

मार्च लागला होता. आर्वीकडच्या रस्त्यावर संत्र्यांचा एक टेम्पो उलटला. तोडणीचे मजूर क्रेटांवर बसून परत येत होते. एक बाई गेली, बाकीचे जखमी. त्या अपघाताचा फोटो दुपारपर्यंत सगळ्यांच्या मोबाईलवर होता. रस्ताभर संत्री, मागे चाकं वर करून पडलेला टेम्पो, आणि मधोमध मांडी घालून बसलेला एक उतारवयाचा माणूस. त्याच्या मुठीत अर्धं सोललेलं संत्रं.

माझा दीर मंगेश आमच्याच दुकानात काउंटरवर असतो. तोंडाचा असा फटकळ की मयतीतही कोणाला तरी हसवून येईल. त्यानं त्या फोटोवर लिहिलं, ‘दुनिया उलटली तरी चालते, नाश्ता नाई चुकला पाह्यजे!’ आणि टाकला ग्रुपवर. हसून हसून लोकांची पुरेवाट झाली. हसले मीही, खोटं कशाला बोलू.

दोन-तीन दिवसांनी तो म्हणाला, “वहिनी, आपल्या पिंट्याचा बड्डे हाय ना. त्याच्या बॅनरवर हा बुढा टाकू. पिंट्या इकडून, बुढा तिकडून, दोघंही खाऊन राह्यले. चौकात लोक थांबून पाहतीन!”

“अरे, त्या माणसानं पाहिलं तर?”

“त्याले काय समजते? तिकडचा कुठचा हाय तो.”

मला ते बरं वाटलं नव्हतं. पण पिंट्या नेहमीचं गिऱ्हाईक, आणि मंगेश एकदा डोक्यात घेतलं की ऐकणारा नव्हे. मी फोटो कॉम्प्युटरवर घेतला.

भर दुपार होती. नवरा वर्ध्याला गेला होता, मंगेश समोर टपरीवर. शटर अर्धं खाली. कूलरचा एकसुरी आवाज, वाळ्याचा ओला वास, रस्त्यावर चिटपाखरू नाही. अशा वेळी आपण जागे असतो की नसतो हे आपल्यालाही नीट सांगता येत नाही. मी त्याच्या टोपीपासून सुरुवात केली. कान, खांदा, फाटलेली बाही, कोपर... मग मूठ. फोटो खूप मोठा करून पाहत होते, त्यामुळे पडद्यावर नुसती मूठच होती. तेव्हा पहिल्यांदा दिसलं की तो खात नाहीये. खाणारा माणूस संत्रं असं धरत नाही. त्यानं ते गच्च आवळलं होतं, बोटांच्या सांध्यांतून रस उतरत होता.

रस कुठे पडतोय म्हणून मी फोटो वर सरकवला. आणि फोटो सरकत राहिला.

मुठीच्या खाली डांबर होतं. सालीचा तुकडा होता. मग बाईचं तोंड — ओठ किंचित उघडे, ओले. त्यांच्याजवळ तिचा हात, तळवा आभाळाकडे. मनगटावर हिरवं पडलेलं गोंदण, तुळशीचं रोप. बांगड्या फुटलेल्या. मला भीती वाटली नाही हो... हेच मला आजही कळत नाही. उलट खूप शांत वाटलं, कोणी तरी बाजूला झोपलंय आणि आपण आवाज न करता काम करायचं, तसं. खोलीत संत्र्याच्या सालीचा वास भरला होता, डोळ्यांना झोंबेल इतका ताजा. माझा हात चालतच होता. मुठीवरून निळी रेघ तिच्या ओठांवर गेली, गालावरून हनुवटीला आली, मग मनगट, अंगठा, एकेक बोट. करंगळी आखूड निघाली. मी स्वतःवरच चिडले, की अशी कशी घाई केली. मग रेघ आणून टोपीला मिळवली.

“झालं का वहिनी?” मंगेश चहा घेऊन आत आला.

“ही बाई कापू की ठेवू रे?”

“कोणती बाई?”

मी पुन्हा पाहिलं. फोटो मुठीशी संपत होता, जसा सगळ्यांच्या मोबाईलवर संपत होता. त्याखाली स्क्रीनचा नुसता करडा भाग. मात्र माझी रेघ तिथे होती. फोटोच्या बाहेर, त्या रिकाम्या जागेत, निळ्या रेघेत एक अर्धा चेहरा आणि एक उघडा हात.

मंगेश खदखदून हसला. “झोपेत काम करून राह्यल्या का तुमी? अन् करंगळी पाहा, अर्धी खाल्ली!”

मी म्हटलं, हा बॅनर मी करणार नाही. तो म्हणाला, काऊन? मला कारण देता येईना, म्हणून मी जास्तच ओरडले. तो रागारागानं म्हणाला, “नका करू. उद्या वर्ध्याले जातो, तिथं करून घेतो.”

दुसऱ्या दिवशी तो निघायच्या तयारीत असतानाच तो माणूस दुकानात आला.

तीच टोपी. कपाळाला पट्टी. नाचणगावच्या अलीकडच्या एका खेड्यातला, सुखदेव नाव. बायकोची तेरवी जवळ आली होती, फ्रेम करायची होती. त्यानं तिचं आधारकार्ड काउंटरवर ठेवलं.

“एवढाच फोटो हाय बाई. पण यात ते मंजुळा वाटतच नाई. कोणी दुसरीच बसवल्यासारखी वाटते.” मग मंगेशकडे वळून म्हणाला, “भाऊ, माह्या फोटो म्हणते सगळ्यायच्या मोबाईलात हाय. लोक मले पाहून हासते, पण दाखवत कोणी नाई. तुमच्यापाशी हाय का? त्याच्यात ते आली असंन तं पाहा ना.”

मंगेशनं नाही म्हणायला हवं होतं. पण त्याचं बोट सवयीनं फोटोवर गेलंसुद्धा. सुखदेवनं मोबाईल जवळ धरला, मग लांब धरला.

“चष्मा तिथंच फुटला जी. हं... हा मी. अन् हे पाहा, इथं, मुठीच्या खाली होती ते. पाणी मांगून राह्यली होती. कॅन सांडून गेलती सारी. मंग संत्रं पिळलं तिच्या तोंडात. दोन घोट गेले.” त्याचं बोट मोबाईलच्या काचेवरून खाली घसरत मंगेशच्या तळहातावर आलं. “फोटोवाल्यानं एवढंसं काऊन सोडलं, काय माहीत.”

कूलर चालू होता.

“अन् हे वर काय लिवलं हाय जी?”

अख्ख्या देवळीला हसवणाऱ्या माझ्या दिरानं मोबाईल परत घेतला आणि ती ओळ अंगठ्याखाली झाकली. म्हणाला, “काही नाई काका... तारीख हाय.”

“बरं,” सुखदेव म्हणाला.

मला राहवलं नाही. मी म्हटलं, दादा, आत या. आणि ती फाईल उघडली. रेघ तशीच होती. हे मी कुठून काढलं, ते मी सांगितलं नाही. सांगणार तरी काय? तो स्टुलावर बसला, पुढे वाकला. बराच वेळ पाहून त्यानं पडद्यावरच्या त्या आखूड करंगळीवर आपलं बोट ठेवलं.

“विळा लागलता,” तो म्हणाला. “लग्नाच्या पहिल्याच साली. तुमी कवा पाह्यलं तिले?”

मी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, मलाच ठाऊक नाही.

“मनगटावर तुळस होती,” मी म्हटलं. तो लहान मुलासारखा हुंदके देऊन रडला. जाताना आधारकार्ड खिशात घालून म्हणाला, फ्रेम याचीच द्या. पांढऱ्या कागदावर तिच्या चेहऱ्याची आणि हाताची नुसती निळी रेघ आम्ही फ्रेम करून दिली. तेरवीला तिलाच हार घातला म्हणे.

बॅनर झाला नाही. मंगेश दिवसभर ग्रुपवर एकेकाला डिलीट करायला सांगत होता. पण बाजारात उधळलेली पिसं कोण गोळा करणार? नवरा म्हणतो, डुलकी लागली असेल, हात सरकला असेल. मीही स्वतःला तेच सांगते. मग डुलकीतल्या हाताला तिची करंगळी कशी कळली, एवढंच कोणी सांगत नाही. दुपारी कधी कधी खोलीत संत्र्याचा वास येतो. तेव्हा मी काम थांबवते, तो जाईपर्यंत.

कालच माझ्या शाळेतल्या मैत्रिणींच्या ग्रुपवर तो फोटो पुन्हा आला, नवीन विनोद घेऊन. पाठवणारी पुण्याला असते, मनानं चांगली आहे. मी लिहिलं, मुठीच्या खाली बघ.

तिचं उत्तर आलं, ‘खाली काय? काहीच तर नाहीये.’

मी लिहिलं, ‘मंजुळाबाई आहेत.’