ताईच्या गाडीतलं तिसरं पेडल

भातसा नदीचं पाणी वाशिंदला आमच्या सोसायटीच्या आवारात शिरलं आणि माझ्या थोरल्या बहिणीची गाडी बॉनेटपर्यंत बुडाली. जो तो एकच सांगायला लागला, भंगारात घाल. असं कुणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. शहापुरात माझं गॅरेज आहे. गाडी मेली की जिवंत आहे ते मी ठरवणार, शेजारचे नाही.

इंजिन उघडलं तर ऑइल दूध घातलेल्या चहासारखं झालेलं. सगळं काढून धुतलं, पुसलं, हाताने फिरवून पाहिलं. बिनतक्रार फिरलं! मी गॅरेजात एकटाच हसलो. गिअरबॉक्स मात्र गेला होता. गाडी ऑटोमॅटिक, म्हणजे क्लच नाही, गिअर आपोआप पडणार. तसल्या गिअरबॉक्समध्ये पाणी गेलं की संपलंच.

ताईने ऑटोमॅटिक हौस म्हणून घेतली नव्हती. लहानपणी पोलिओ झाला तेव्हापासून तिचा डावा पाय लुळा आहे, आणि त्या गाडीला उजवा पाय पुरतो. शेणव्याच्या शाळेत शिकवायला ती रोज स्वतः गाडी चालवत जायची. रविवारी वैशाखऱ्याला, मैत्रिणीकडे. घाटाच्या रस्त्याला एकटी जाते म्हणून आई कुरकुरायची, ताई कानाआड करायची.

हे सगळं मला माहीत होतं. तरी मुरबाडच्या भंगारवाल्याकडे त्याच मॉडेलची, मागून ठोकलेली क्लचवाली गाडी दिसली आणि माझे हात शिवशिवले. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स शोधत बसलो असतो तर दसरा हुकला असता, आणि दसऱ्याला गाडी पूजेला दारात उभी पाहिजे हे डोक्यात पक्कं बसलेलं. साधा गिअरबॉक्स, क्लच, तीन पेडलं, सगळं काढून आणलं आणि ताईच्या गाडीत बसवलं. तिच्या पायाचा विचार आला नाही असं नाही. आला. मी आहे की सोडायला, असं म्हणून मी तो उडवून लावला. गाडी जिची, तिला विचारावंसं वाटलं नाही याची आजही लाज वाटते.

दसऱ्याला बॉनेटवर झेंडूची माळ घातली, चाकाखाली लिंबू ठेवलं. मी ऐटीत गाडी चालू करून उतरलो. आई म्हणाली, "जिची गाडी तिनंच लिंबू फोडायचं." ताई हसत स्टिअरिंगपाशी बसली आणि तिने खाली पाहिलं. डाव्या पायाने दाबायचं तिसरं पेडल तिथे होतं. मग तिने दार उघडलं, डावा पाय हाताने उचलून बाहेर ठेवला.

"इंजिन झ्याक बोलतंय रे," ती म्हणाली. "तूच काढ गाडी."

चारचौघांत माझी खरडपट्टी काढली असती तर बरं झालं असतं. तेव्हापासून सकाळी तिला शाळेत मी सोडतो, संध्याकाळी मीच आणतो. भाऊ असावा तर असा, असं लोक म्हणतात तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं होतं. वैशाखऱ्याचं नाव तिने पुन्हा काढलं नाही. मीही विचारलं नाही. रविवार मोकळा मिळाला, असंच मला वाटत राहिलं.

परवा माळशेजच्या रस्त्यावर एक गाडी बंद पडली होती म्हणून गेलो, तर वैशाखऱ्यात तीच मैत्रीण भेटली. "ताई येत नाय ती?" तिने विचारलं. "रागावली का काय आमच्यावर?"

घरी येऊन मी उलटा ताईवरच चिडलो. "सांगायचं ना गो! मी नेलं नसतं का तुला?"

"नेलं असतंस," ती शांतपणे म्हणाली. "पण मी तिथं रडायला जायची रे. तू बाहेर गाडीत बसून राहिल्यावर रडू कशी?"

आता मी मुरबाडच्या भंगारवाल्याला रोज फोन करतो. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आज ना उद्या मिळेल, मी बसवीनही. ताई पुन्हा एकटी वैशाखऱ्याला जाईल. पण ती निघाली की कशासाठी निघाली ते मला ठाऊक असणार, आणि मला ठाऊक आहे हे तिला. ते मी कसं दुरुस्त करू?