सांताक्रूझ ते सांगानेर, दीड तास

सांताक्रूझहून विमान उडालं तेव्हा ठाण्याला आई माझी गाडी कुठवर पोचली याचा हिशेब करत असणार. कचेरीनं मला जयपूरला विमानानं पाठवलं होतं. पण तिला घोर नको म्हणून मी ते बोललोच नव्हतो. अक्काला माहेरी येऊन सहा वर्षं झाली होती. आईनं निघताना एकच सांगितलं, "या खेपेला तिला घेऊनच ये."

जयपूरच्या सांगानेर विमानतळावर उतरलो तर घ्यायला कोणीच नाही. भावोजी रेल्वेत गार्ड. विमान झालं तरी तासभर लेट असणारच, असं धरून ते सावकाश आले आणि माझ्यावरच उखडले, "इतक्या वेळेवर येतात होय?"

स्कूटरवरून शहरातल्या सोडाला भागातून जाताना शेजारून उंटगाडी चालली होती. लांब तपकिरी डोंगर, तोंडात रेती. रेल्वे क्वार्टरच्या दारात अक्का उभी होती. तिचे केस पिकले होते. तिनं बाजरीची भाकरी आणि कैर-सांगरी (वाळवंटातल्या फळांची आणि शेंगांची भाजी) वाढली.

"मामाजी, विमानात झोपायला मिळतं?" भाचीनं विचारलं.

"झोप लागायच्या आत जयपूर येतं."

"मतलब, नानी इतकी जवळ राहते?"

अक्का उठून आत गेली. मी मागोमाग गेलो. तिची सासू अंथरुणाला खिळलेली. अक्का तिची कूस बदलत होती.

"चार दिवस तरी चल," मी म्हणालो.

"यांना कोण बघेल? हे निम्मे दिवस लाइनवर."

"मग आईनं नुसती वाटच बघायची?"

"ओरडू नकोस. आणि विमानाचं तिला सांगू नकोस. मी लांब आहे म्हणून येत नाही, एवढंच तिला माहीत आहे. तेवढंच राहू दे."

मी वरमलो. तिसऱ्या दिवशी काम आटोपलं आणि चौथ्या दिवशी सकाळी निघालो. रेल्वेत माणूस दोन-चार स्टेशनं डोळे पुसतो, मग शेजाऱ्याशी बोलायला लागतो. इथं डोळे पुसेपर्यंत मुंबई आली.

दुपारी घरी पोचलो. आईनं माझ्या मागं पाहिलं. जिन्यात कोणी नव्हतं.

"सासूचं दुखणं आहे तिच्या," मी म्हटलं.

"लांबही पडतं ना बिचारीला. जेवायला काय केलं होतं तिनं?"

"आज सकाळी गरम फुलके आणि..."

"आज सकाळी जयपूरला?"

मी जीभ चावली, पण उशीर झाला होता. सगळं सांगावं लागलं. आता ही रडणार, असं मला वाटलं. आमच्याकडे लेकीनं माहेरी यायचं. आईनं लेकीच्या घरी राहायला जायची रीत नाही. त्यातून आईचे गुडघे असे, की दिवसरात्रीचा प्रवास तिला झेपलाच नसता. त्यामुळे आम्हा कोणाच्या मनात दुसरं काही आलंच नव्हतं.

आईनं खाटेवरून हळूहळू पाय खाली सोडले.

"दीड तास ना? तेवढं बसवेल मला," ती म्हणाली. "तिकीट काढ."