मरियाबाईंची मिटलेली तक्रार

देवळाली प्रवरात मरियाबाई साळव्यांचा आवाज बाजारपेठेपर्यंत ऐकू येतो, असं लोक म्हणतात. जन्म शाळेत शिकवण्यात गेला, मागच्या बाकापर्यंत आवाज पोचवायची सवय. पण त्या दिवसांत आवाजाला नुसती धार आली होती. घरातला फोन मेला होता आणि कंपनीचं म्हणणं होतं, तो ठणठणीत आहे.

"आता घरचा फोन ठेवतं कोण, बाई?" असं कुणी विचारलं की त्या फणकारत. मोबाईल काय त्यांच्याकडे नव्हता? होता. पण कोपरगावात धाकटा भाऊ नॅथन होता. साखर कारखान्यातून निवृत्त झाला आणि हळूहळू विसरत चालला. आधी चष्मा कुठे ठेवला ते, मग घरचा रस्ता, मग पोटच्या पोरीचं, दिशाचं नाव. पक्का राहिला तो ताईच्या घरचा नंबर. रोज दुपारच्या चहानंतर तो स्वतःच्या बोटांनी घरच्या फोनची बटणं दाबायचा आणि विचारायचा, "ताई, चहा झाला का?" दिशानं मोबाईल कानाला लावून दिला तर त्यातली बाई ताई आहे हे त्याला पटतच नसे. भावाच्या डोक्यात आपण अजून आहोत, याची मरियाबाईंना तेवढी एकच खूण उरली होती.

कंपनीनं जुनी तांब्याची तार काढून काचेची आणली, तेव्हापासून इंटरनेट आणि फोन एकाच डबीतून यायचा. त्या डबीवर लाल दिवा लागला तो लागलाच. तिसऱ्या दिवशी दिशाचा मोबाईलवर फोन आला.

"आत्या, पप्पा सारखे नंबर फिरवतायत. पलीकडून बाई सांगते, हा क्रमांक अस्तित्वात नाही. काल मला म्हणाले, ताई गेली, तू माझ्यापासून लपवतीस."

जिवंतपणी आपल्याला मारणाऱ्या त्या कंपनीचा मरियाबाईंना इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं.

मग सुरू झालं तक्रारींचं गुऱ्हाळ. मराठीसाठी दोन दाबा. दोन दाबलं की हिंदी. "मॅडम, डिब्बा बंद करके चालू कीजिए." डबी बंद केली, चालू केली, दिवा लालच. दोन दिवसांनी, ज्या मोबाईलवरून तक्रार केली त्यावर संदेश आला: आपली तक्रार निकाली निघाली आहे. बाईंनी पुन्हा फोन लावला, तर एकदाची मराठी मुलगी मिळाली.

"मॅडम, खात्री करायला आम्ही फोन केला होता. आपण उचलला नाही, म्हणून सिस्टिमनं तक्रार बंद केली."

"कुठल्या नंबरावर केला होता?"

"आपल्या घरच्या लँडलाईनवर."

"अगं बाई, तोच बंद आहे म्हणून तर तक्रार केलीय ना!"

"हो मॅडम. पण उचलला नाही की तक्रार बंद होते."

"मग मोबाईलवर करा."

"आपल्या नावावर लँडलाईनच नोंदलेली आहे. ती बदलायची तर आधी त्याच नंबरावर फोन करून खात्री करावी लागेल."

आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! चौथीतलं पोरगं असं बोललं असतं तर बाईंनी त्याला बाकावर उभं केलं असतं. त्यांनी पुन्हा तक्रार केली, कंपनीनं पुन्हा मेलेल्या फोनवर फोन केला आणि तक्रार पुन्हा मिटली. एकदा लाईनमन बिभीषण मोटारसायकलवर आला, खालूनच मान वर करून म्हणाला, "तार तर शाबूत हाय," आणि गेला.

शेजारचा आसाराम उसाचा ट्रॅक्टर चालवतो. तो रोज संध्याकाळी येऊन बाईंच्या दुःखात सामील व्हायचा. "कंपनी लई हरामी हाय बाई. तुमी सोडू नका त्यान्ला." बाईंना त्याचा मोठा आधार वाटायचा.

शेवटी त्या एसटीनं राहुरीला कंपनीच्या कचेरीत गेल्या. तिथल्या साहेबानं सांगितलं, "ऑनलाईन तक्रार टाका."

"इंटरनेट बंद आहे माझं!"

"मग चालू झाल्यावर टाका."

बाईंनी खुर्ची ओढली, पिशवीतून डबा काढला आणि बजावलं, "कुणीतरी शिडी घेऊन माझ्याबरोबर निघेपर्यंत मी इथून हलणार नाही." साहेब आधी हसला. मग बाईंनी आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला वर्गातल्या आवाजात आपली कहाणी सांगायला घेतली. बिभीषणला दुपारच्या आत बोलावणं गेलं.

यावेळी देवळालीला परतून बाईंनी त्याला रस्त्यावरच्या खांबाला शिडी लावून चढवलंच. वर पोचताच तो थबकला. तारेवर सायकलच्या ट्यूबची पट्टी गच्च गुंडाळलेली. पट्टी सोडली तर आत एक देखणी, घट्ट गाठ.

"ही गाठ कुणी मारली?" तो वरून ओरडला.

खाली उभा असलेला आसाराम अभिमानानं पुढे झाला. "म्याच मारली. ट्रॉलीतल्या उसाच्या शेंड्यात तार अडकली हुती, मंग कोयत्यानं तोडली. बाईंची खोटी नको म्हनून लगीच बांधली. कासऱ्याची गाठ हाय, बैलानं वढली तरी सुटायची न्हाई!"

"मामा, आत काच हाय. काचंला गाठ चालती व्हय?"

आसारामचं तोंड उतरलं. मरियाबाईंना त्याला फाडून खावंसं वाटत होतं, पण त्याचा चेहरा बघून त्या एवढंच म्हणाल्या, "अरे, सांगायचं तरी होतंस!"

तार जोडली. दिवा हिरवा झाला. बाई फोनजवळ बसल्या. दुपारचा चहा झाला, फोन वाजला नाही. दिशाला विचारलं तर ती म्हणाली, "पप्पांनी फिरवणंच सोडलंय, आत्या." शेवटी बाईंनी स्वतःच लावला. नॅथननं उचलला.

"नॅथन, मी ताई बोलतेय."

"ताईचा फोन बंद हाय," तो परक्या बाईशी बोलावं तसा अदबीनं म्हणाला. "तुमी तिकडच्याच का? तिला तेवढा निरोप द्या. म्हनावं, भाऊ वाट बघतोय."

बाई म्हणाल्या, "देते. फोन दुरुस्त झालाय तिचा. तुम्ही आता फिरवून बघा."

रिसीव्हर ठेवला न ठेवला तोच घंटी वाजली. "नॅथन!" त्या ओरडल्या.

"नमस्कार. आपल्या तक्रारीचे निवारण झाले असल्यास एक दाबा..."

बाईंनी एक दाबला. मग दुसरा प्रश्न आला. तिसरा आला. "अरे मेल्यांनो, माझा भाऊ फोन करतोय!" म्हणत त्यांनी रिसीव्हर आदळला. फोन गप्प झाला. आता तो पुन्हा कशाला फिरवेल, या विचारानं त्यांनी स्वतःच लावायला रिसीव्हरकडे हात नेला.

तेवढ्यात घंटी वाजली.

"काय गं ताई," नॅथन चिडला होता. "सारखा एंगेज! कुनाशी एवढं बोलत हुतीस?"