पंगतीवर धरलेला पंजा

जेवणाची पंगत पडद्यावर आली की तो यंत्रासमोर आपला पंजा धरी. पडदा काळा होई. मनात दहापर्यंत मोजून तो हात काढी, तोवर व्हॉलीबॉल सुरू झालेला असे.

वर्ध्याकडच्या आमच्या कॉलेजात तो शिपाई होता, सिनेमाचं यंत्रही तोच चालवी. पन्नासच्या दशकातली गोष्ट. कॉलेजची एक मुकी फिल्म होती: वाचनालय, प्रयोगशाळा, वसतिगृह. उन्हाळ्यात ती गावोगाव न्यायची, शाळेच्या खिडक्यांना पोती लावून गावकुसाबाहेरच्या वस्तीतल्या आईबापांना दाखवायची, म्हणजे ते मुलांना आमच्याकडे पाठवतील, अशी योजना. मी नवखा प्राध्यापक, अर्ज घेऊन सोबत जाई.

फिल्म मुकी, पण हा मुका थोडाच! "हा अल्लीपूरचा पोरगा. बुक उलटं धरलं हाये, पण ऐट पाहा!" लोक हसत. यंत्र अडलं की दुपट्ट्यानं ते पुसत लाडीगोडी लावी, "चाल माय, चाल." आणि कुणी शंका काढली की त्याचं ठरलेलं उत्तर, "फिल्लम खोटं बोलत नाई, बापू." असा एखादा भाबडा माणूस तुम्हालाही भेटला असेल.

वडनेरला एका बापानं असंच विचारलं. पडद्यावर पंगत होती. त्यात दोन मुलं त्यांच्यासारख्याच वस्तीतली आहेत, असं मी नुकतंच सांगितलं होतं. "भाऊ, हे खरं हाये का? माहं पोरगं बी असंच बसन?" यानं आपलं उत्तर दिलं. जूनमध्ये तो मुलगा पत्र्याची ट्रंक घेऊन आला.

पहिल्याच दिवशी आचाऱ्यानं त्याचं ताट दाराशी, वेगळं मांडलं. ती पंगत खोटी होती. नागपूरहून कॅमेरावाले आले त्या एका सकाळपुरती ती बसवली होती, आणि दोन मुलं गावातून बोलावून तिच्यात बसवणारा मीच. वसतिगृहाकडे कधी न फिरकणाऱ्या या शिपायाला त्यातलं काही ठाऊक नव्हतं. मला लाज वाटली, पण आचाऱ्याला मी काही बोललो नाही. हा मात्र आपला डबा घेऊन दाराशी त्या मुलाजवळ जेवायला बसू लागला. आठ दिवसांनी मुलगा कुणाला न सांगता निघून गेला.

ट्रंक पोचवायला हाच वडनेरला गेला. परतल्यावर मी विचारलं, "बाप काही बोलला का?"

"शिव्या देल्या असत्या तं बरं होतं, सर. चहा पाजला त्यानं मले."

पुढच्या उन्हाळ्यात तो पंजा सुरू झाला आणि ते उत्तर बंद झालं. खेळ संपला की तो लोकांना सांगे, "पोराले शिकवजा. पण जेवाले कुठं बसवतेत, ते आंधी इचारून घेजा."

हे प्राचार्यांच्या कानावर गेलं. "अरे, ती पंगत हाच फिल्मचा प्राण आहे!" ते कडाडले.

"मंग खरीच बसवा न, साहेब."

त्याला कामावरून काढलं. मी तिथंच उभा होतो. त्यानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. जाताना यंत्र तेवढं पुसून गेला. हिंगणीकडे कुणाच्या शेतावर राहिला म्हणतात. मी चौकशी केली नाही.

त्याच उन्हाळ्यात यंत्र माझ्याकडे आलं. अल्लीपूरला पंगत पडद्यावर आली तेव्हा माझा हात उचलला गेला, आणि तसाच खाली आला. अंधारातून एका बाईनं विचारलं, "मास्तर, हे खरं हाये का जी?"

"फिल्म खोटं बोलत नाही, बाई," मी म्हणालो, आणि अर्ज पुढे केला.