हद्दीबाहेरची लेक

ती घटना मी विसरावी म्हणून घरच्यांनी पुष्कळ खटपट केली, पण तीज जवळ आली की ती आठवतेच. आमच्या बालाघाट जिल्ह्यात तिजेला, म्हणजे हरतालिकेला, लेक माहेरी येते. पिशव्या सांभाळत बसमधून उतरणाऱ्या बाया दिसू लागल्या की मी स्टँडकडे जायचं टाळतो. निवृत्त ठाणेदाराला घाबरायला काय झालं, असं बायको विचारते. तिला मी आजवर नीट उत्तर दिलेलं नाही, म्हणून इथं लिहितो.

मी मूळचा सौंसरकडचा मराठी माणूस, नोकरी सगळी मध्य प्रदेश पोलिसांत. शेवटच्या वर्षांत बाघ नदीकाठचं एक ठाणं माझ्याकडे होतं. नदीच्या अलीकडे मध्य प्रदेश, पलीकडे महाराष्ट्र. नकाशात ही रेघ ठळक असते, गावांत तिला कोणी विचारत नाही. बोली तीच, धान तेच, सोयरिकी पाण्यावरून जमतात, आणि पूल लांब असल्यामुळे लोक डोंग्यानं ये-जा करतात. रेघेची पक्की माहिती फक्त दोघांना असते, चोरट्या दारूवाल्याला आणि पोलिसाला. दोघंही ती आपापल्या सोयीनं वापरतात.

त्या वर्षी तीज उलटून दोन दिवस झाले होते, नदी दुथडी भरलेली. साठीचा एक शेतकरी ठाण्यात आला. हातात पिशवी, अंगात ताप असावा असे डोळे.

"साहेब, पोरगी तिजेले येनार होती, आली नाही. आनायले मीच जाऊन राह्यलो होतो, पन ताप भरला. मंग फोनवर म्हटलं, तू डोंग्यानं ये, मी घाटावर बसतो. दिवसभर बसलो. फोन बंद. आता जावई म्हनते, थे तं आदल्या दिवशीच घरून निघाली."

"सासर कुठलं?"

त्यानं पलीकडच्या गावाचं नाव सांगितलं. मी कागद बाजूला सारला. "बाबा, निघाली तिकडून, तक्रारही तिकडेच द्यायची."

तो गेला. तिकडच्या ठाण्यानं सांगितलं, माहेरी निघाली ना, मग हरवली ती मध्य प्रदेशात. तो परत माझ्याकडे आला. मी परत तिकडे पाठवला. भरल्या नदीतून तापल्या अंगानं त्या माणसानं किती फेऱ्या मारल्या, याचा हिशेब तेव्हा मी केला नाही. कोणत्याही ठाण्यानं शून्यावर गुन्हा नोंदवून घ्यावा आणि मग ज्याच्या हद्दीत असेल त्याच्याकडे धाडावा, अशी कायद्यात सोय आहे. परीक्षेत या प्रश्नाला मला पूर्ण गुण मिळाले होते.

शेवटी तो ठाण्याच्या फाटकाशी मातीतच बसला. म्हणाला, "साहेब, तुमची हद्द कुठून लागते थे एकडाव दाखवून द्या. मी तिथंच बसतो. दोघांतला जो पयले येईन, त्याले सांगतो."

लाज वाटली म्हणून म्हणा किंवा फाटकाशी गर्दी जमू लागली म्हणून म्हणा, मी हरवल्याची नोंद घेतली.

दोन दिवसांनी घाटाजवळच्या गावात बांगड्या विकणारी एक बाई मला भेटली. अशा बायांना घराघरातलं ठाऊक असतं, त्यामुळे मी त्यांच्याशी कधी तुसडेपणानं वागलो नाही. ती म्हणाली, "साहेब, त्या डोंगेवाल्याले विचारा. तिजेपासून जाळं टाकून नाही राह्यला तो. नदीले नारळ सोडला, घरात जेवत नाही. काहून, थे त्यालेच मालूम." मासे धरून पोट भरणारा ढिवर माणूस भर हंगामात जाळं टाकत नाही, तेव्हा त्याच्या मनात काहीतरी सलत असतं. पोरगी डोंग्यात बसली असणार आणि यानंच तिचं बरंवाईट केलं असणार, असा माझा सरळ हिशेब झाला.

डोंगेवाल्याला आणवलं. पन्नाशीचा, वाळलेला माणूस. खोटं बोलणारा माणूस बहुधा आपल्या चेहऱ्याकडे बघत असतो, पटलं की नाही ते चाचपत. हा सारखा दाराकडे बघत होता. दारात आमचा जुना हवालदार उभा होता. मी हवालदाराला चहा सांगायला पाठवलं.

"आता बोल. पोरीला तू मारलंस?"

"नाही साहेब. लेकराची आन."

"मग?"

"तिजेच्या दुसऱ्या दिवशी सकायी घाटावर गेलतो. बेशरमच्या झुडपात एक बाई अटकली होती. मेलेली. तोंड पान्यात, हातात हिरव्या बांगड्या, मानेवर काया वळ. मी ठान्यात फोन लावला. हवालदार साहेब आले." त्यानं परत दाराकडे पाहिलं. "म्हनले, बांबू घे आन् धारेले लाव. साहेबाचा हुकूम आहे."

"कोणत्या साहेबाचा?"

त्यानं मान वर केली. "तुमचाच."

"आणि बाई कोणाची, हे तुला कळलं नाही?"

"तवा नाही कळलं, बांबूनं ढकलून देलं. मंग थो बाप डोंग्यात बसला आन् मलेच पुसाले लागला, माह्या पोरीले पाह्यलं का म्हून. तईपासून जेवन जात नाही साहेब."

चहा घेऊन आलेल्या हवालदाराला मी तिथंच विचारलं. तो वाईट माणूस नव्हता. खाली बघून म्हणाला, "साहब, आप ही ने तो कहा था गणना में."

मला आठवलं. गणना म्हणजे आमच्याकडची संध्याकाळची हजेरी. महिनाभरापूर्वी नदीत एक बेवारस प्रेत सापडलं होतं. पंचनामा, शवविच्छेदन, ओळख पटवणं, यात दोन माणसं आठवडाभर अडकली आणि वरून साहेबांनी प्रलंबित प्रकरणांवरून मला झापलं. तो राग मनात होता. हजेरीत मी म्हणालो होतो, "नदीत वाहतं ते नदीचं. काठाला लागलं तर ते समोरच्यांच्या काठाला लागावं, एवढी काळजी घ्या." सगळे हसले होते. मीही हसलो होतो.

त्याच दिवशी पलीकडच्या ठाण्याला फोन केला. खूप खाली, त्यांच्या काठाला एका बाईचं प्रेत लागलं होतं. पाण्यात राहून चेहरा गेलेला. ओळख पटली नाही म्हणून बेवारस समजून पुरलं होतं. जप्त कपडे बापासमोर ठेवले. ब्लाऊज उलटा करून त्यानं शेवटच्या बटणावर बोट ठेवलं. चार बटणं पांढरी, पाचवं निळं. "तिच्या मायनं शिवलं," एवढंच बोलला.

मग सगळं भराभर झालं. हरवल्याची नोंद माझ्या ठाण्यात होती म्हणून तपासही माझ्याकडेच आला. नवऱ्याला उचललं. माहेरी जाण्यावरूनच भांडण झालं आणि रागाच्या भरात गळा दाबून तिला नदीत टाकलं, असं तो दुसऱ्याच दिवशी बोलून गेला. पण पोलिसांपुढची कबुली कोर्टात चालत नाही. पुरलेलं प्रेत काढलं, तर डॉक्टरांनी लिहिलं की मृत्यूचं कारण सांगता येत नाही. मानेवरचा तो वळ पाहिलेला एकच साक्षीदार उरला होता, आमचा डोंगेवाला.

त्याचं बयान मी स्वतः लिहिलं होतं. तो म्हणाला होता, ढकललं. मी लिहिलं, 'प्रेत पाण्याच्या ओघाने वाहून गेले.' हवालदाराची पेन्शन जाईल म्हणून लिहिलं, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होतो. खरं तर मी माझी कातडी वाचवली.

डोंगेवाल्याला वाचता येत नव्हतं. कोर्टात तो उभा राहिला आणि घडलं तसंच सगळं बोलला, बांबूसकट. आरोपीच्या वकिलानं शांतपणे माझा कागद वाचून दाखवला आणि मला पिंजऱ्यात बोलावलं. "खोटं कोण, साक्षीदार की कागद?"

मी म्हणालो, "कागद." आणि हजेरीतला तो विनोदही सांगितला. वरातीमागून घोडं. ज्या तपासाचा अधिकारीच आपले कागद खोटे म्हणतो, त्यावर कोणाला शिक्षा होणार? नवरा संशयाचा फायदा मिळून सुटला. हवालदार निलंबित झाला. मला नोटीस आली, उत्तर दिलं, आणि काही काळानं मी हारतुरे घेऊन निवृत्त झालो.

या प्रकरणानं काय शिकवलं, असं नव्या पोरांनी विचारलं तर मी सांगतो की ठाणेदाराला थट्टा करायची मुभा नसते. त्याच्या तोंडून निघालेलं खालचा माणूस हुकूम म्हणून ऐकतो, आणि त्यात स्वतःची मेहनत वाचत असेल तर ते कधी विसरत नाही. समोर आलेल्या माणसाची तक्रार आधी लिहा, हद्द मग शोधा, हेही सांगतो. पोरं माना डोलावतात. मीही त्यांच्या वयाचा असताना डोलावली होती, त्यामुळे मला त्यात फारशी आशा दिसत नाही.

निकालाच्या दिवशी कोर्टाच्या ओसरीवर तो बाप माझ्यापाशी आला. शिव्या देईल म्हणून मी तयार होतो. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"साहेब, एक पुसू? थे आपल्याच घाटाले लागली होती ना? मी बसलो होतो त्याच?"

"हो."

"तिजेच्या दुसऱ्या दिवशीच?"

"हो. सकाळी."

त्यानं खांद्यावरचा दुपट्टा काढून तोंड पुसलं आणि घडी घालून परत खांद्यावर ठेवला.

"मंग पोरगी माहेरी आलीच होती साहेब," तो म्हणाला. "तुमीच तिले वापस धाडलं."