फर्दापूरचं वीतभर उघडं दार

पहाटे नाशिक सोडलं तेव्हा बॅगेत दादाचा नवा शर्ट होता आणि मनात एकच हट्ट, परतताना शेजारच्या सीटवर त्याला बसवून आणायचं. दादाला स्किझोफ्रेनिया आहे. चार वर्षांपूर्वी तो घरातून निघून गेला. आता फर्दापुरात एका दगडविक्याच्या मागच्या खोलीत राहतो, पर्यटकांसाठी स्फटिक घासतो, असा निरोप शाहीनआपांनी धाडला होता. आपा गावोगाव अशा आजारी माणसांच्या दारी जातात.

संभाजीनगरला उतरताच त्यांनी आधी नान-खलिया (मोठी नान आणि मटणाचा झणझणीत रस्सा) खाऊ घातला. मग एसटीत बजावलं, "ताई, औषधाचं नाव काढायचं नाय. घरी चल म्हणायचं नाय. निस्तं बसायचं."

"बसून काय होतं?"

"पहिले तीन महिने दारच उघडलं नाय त्यांनी. आता दर बुधवारी गोळ्या माझ्या हातून घेतात."

सिल्लोड मागं पडलं, घाट उतरला, फर्दापूर आलं. आपा दादाच्या खोलीच्या उंबऱ्याबाहेर मांडी घालून बसल्या. दार वीतभर उघडं.

"भाऊ, आज कोणता दगड?"

आतून हात आला, तळव्यावर पांढरा स्फटिक. हाच हात धरून मी शाळेत जायची. माझ्या मेलीच्या जिभेला हाड नाही! म्हणून बसले, "दादा, चल ना रे घरी!"

दार धाडकन लागलं.

मला रडूच कोसळलं. उठायला लागले तर आपांनी ओढणी धरून खाली बसवलं. "दार लागलं म्हणून उठायचं नाय. उठलो तर त्यांना वाटंल, गेले सगळे."

त्यांनी पिशवीतून मेथीची जुडी काढली. दोघी निवडत बसलो.

मेथी संपली आणि कडी वाजली. फटीतून पाण्याचा तांब्या आला. मग एक पेला. मग दुसरा.

"आपा," दादाचाच आवाज, जरा घोगरा झालेला, "बुधवारी हिलापण आणा."

रात्र आपांकडे काढून सकाळी परतले. शेजारच्या सीटवर बॅग ठेवली, आत शर्ट तसाच घडीत. वाटभर दादाची इतकी आठवण आली की काय सांगू! चार वर्षं आम्ही त्याला आणायच्याच गोष्टी केल्या. त्याच्या दारात बसायला कुणी गेलं नाही.

आई फाटकात उभी होती. माझ्या मागे बघत म्हणाली, "आणलंस का गं त्याला?"

"नाही गं. त्यानं मला बोलावलंय."